अण्णांनी अडवलेला दयेचा अर्ज

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली प्रतिक्रियांमध्ये कुणाला माझं बौद्धिक घ्यायला नको — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मीच काय, आमचं अख्खं दामले खानदान नाही. आणि आमचं हे 'नाही' नुसतं तोंडाने बोलायचं नाही, आम्ही ते करून दाखवतो. माझं बारसं, पुण्यातल्या फ्लॅटचा गृहप्रवेश, इथे अबुधाबीत घेतलेली गाडी... सगळं अमावस्येला. गाडीच्या वेळी शोरूममधला गुजराती सेल्समन कानाशी येऊन म्हणाला होता, "सर, आज अमावस है, डिलिव्हरी कल ले लो ना." मी म्हटलं, "इसीलिए तो आज आया हूँ." लग्न तर सर्वपित्री अमावस्येला झालं. हॉल मागितल्याबरोबर मिळाला, सासूबाई मात्र त्या विषयावर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

हा हट्ट उगाच नाही. तो आमच्या अण्णांपासून, म्हणजे माझ्या आजोबांपासून आलाय. ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून जरा धीर धरा.

अण्णा तरुणपणी एडनला होते. एडन तेव्हा इंग्रजांची वसाहत, मुंबईहून बोटीने जायचं. तिथे गव्हर्नरच्या कचेरीत अण्णा कारकून होते. बाबांचं लहानपणही तिथलंच, वयाच्या आठव्या वर्षापर्यंतचं. त्या काळी वसाहतीत कोर्टाने कुणाला फाशी सुनावली तरी शेवटचा शब्द गव्हर्नरचा असे. फाशी कायम करायची, की दया दाखवून तिच्या जागी कैद द्यायची, हे त्याच्या एका सहीवर. पण त्या सहीपर्यंत कागद पोचवायचा तो कारकुनाने. खटल्याचे कागद, दयेचा अर्ज, त्याचं भाषांतर, सगळं एकत्र बांधायचं, वर टिपण टाइप करून जोडायचं आणि साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवायचं.

एकदा सालेम नावाच्या, बंदरावरच्या एका तरुण हमालाचा अर्ज आला. मारामारीत त्याच्या हातून एक माणूस मेला होता. अण्णांनी अर्ज वाचला आणि त्यांना त्या पोराची दया आली. दुपारपर्यंत फाईल तयार झाली. पण त्या दिवशी होती अमावस्या! अण्णा तेव्हा पंचांग बघितल्याशिवाय दाढीसुद्धा न करणारे. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, असा कागद अमावस्येला पुढे केला तर पोराचं वाईट व्हायचं, उद्या प्रतिपदा आहे, उद्या सकाळी पहिलं काम हेच... असा विचार करून त्यांनी फाईल आपल्या खणात ठेवली. अगदी चांगल्या मनाने.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले तर गव्हर्नरसाहेब गेलेले! रजेवर विलायतेला जायचे होतेच, पण दोन दिवसांनी. बोट आधी लागली आणि साहेब पहाटेच चढले. अण्णांनी फाईल बदली साहेबाच्या टेबलावर ठेवली खरी, पण त्यांची खात्रीच होती — खुर्चीत नवा बसलेला माणूस आल्या आल्या फाशी कशाला रद्द करेल? फाशीची तारीख आठवड्यावर आली होती. अण्णांना ताप भरला. तो दिवस तिथे राहून बघायचा नाही म्हणून त्यांनी राजीनामा दिला, बायको-मुलाला घेतलं आणि मिळाली ती बोट पकडून पुण्याला आले. त्यानंतर आमच्या घरात पंचांग आलं नाही.

हे त्यांनी शेवटच्या आजारात बाबांना सांगितलं. "मी एक माणूस मारलाय रे," म्हणाले. बाबांनी विचारलं, "अण्णा, तुम्ही तिकडे पत्र लिहून विचारलं का नाही कधी?" तर म्हणाले, "उत्तर आलं असतं ना..." चार दिवसांनी ते गेले. माझ्या वडिलांना आयुष्यात दुसरं दुःख नाही. एवढं एकच, की आपला बाप स्वतःला खुनी समजून गेला.

आता मुद्द्यावर येतो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही खलिफा सिटीत राहतो — मी, बायको मुग्धा आणि नऊ वर्षांची मुलगी रेवा. मी एसीच्या एका कंपनीत इंजिनीअर आहे. सेन्सर आणि वायरिंग हे माझं रोजचं काम, हे कृपया लक्षात घ्या. बाबा तीन महिन्यांसाठी आले होते. वय एक्याऐंशी, तब्येत खणखणीत, फक्त तासातासाला बाथरूम लागतं. माझा मित्र पराग अजमानला राहतो, त्याच्याकडे शनिवारी जेवायला जायचं ठरलं. त्या शनिवारी अमावस्या होती, म्हणजे चक्क शनी अमावस्या. बाबा खूश.

सकाळी अकराला निघालो. छान ऊन, रस्ता मोकळा. मी चालवत होतो, शेजारी मुग्धा, तिच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. मागे डावीकडे रेवा, उजवीकडे तिचे आबा, म्हणजे माझे बाबा, मधली सीट रिकामी. माझा फोन रेवाच्या हातात, कारण रस्ता सांगायचं खातं तिच्याकडे आहे. मॅपमधल्या बाईपेक्षा आपण चांगलं सांगतो असं तिचं मत असल्यामुळे ती त्या बाईचा आवाजच बंद करून टाकते. मुग्धा पट्टा लावल्यापासून पाच मिनिटांत झोपते, तशी ती झोपली.

दुबई मागे पडलं आणि गाडी बोंबलायला लागली. टिंग, टिंग, टिंग... समोर लाल खूण — मागे, मधल्या सीटवर कुणीतरी पट्टा न लावता बसलंय.

"रेवा, मधे बॅग ठेवलीस का?"

"नो, पापा."

"बाबा, तुमचा हात टेकलाय का सीटवर?"

"अरे, माझे दोन्ही हात मांडीवर आहेत. बघ हवं तर."

बघितलं. सीट रिकामी. पेट्रोल पंपावर थांबलो, सीट झटकली, दाबून पाहिली, खाली हात घालून वायर चाचपली. टिंग चालूच. शेवटी वैतागून मी मधला पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटलाच लावून टाकला. आवाज बंद. "खलास!" मी म्हटलं. रेवा खुदकन हसली. मला वाटलं, मला हसतेय.

पुढे ती सांगत गेली आणि मी जात गेलो. "पापा, कीप स्ट्रेट." "नाउ दॅट एक्झिट." "राइट... नो नो, धिस राइट." तिच्यावर माझा भरवसा, त्यामुळे पाट्यांकडे लक्षच नाही. मी बाबांना ऑफिसमधल्या गमती सांगण्यात रंगलो होतो. उंच इमारती संपल्या, बैठी घरं आली, मधे मधे नुसती वाळू, एका घराबाहेर पालथी घातलेली होडी... तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अजमान कधीच मागे राहिलं होतं. आम्ही उम्म अल कुवैनमध्ये होतो!

"रेवा, कुठे आणलंस गं हे?"

"हिअर. धिस हाउस," असं म्हणून तिने एका हिरव्या गेटकडे बोट दाखवलं.

मी गाडी थांबवली आणि मागे हात करून फोन घेतला. फोन बंद. बॅटरी संपलेली.

"हा कधी बंद पडला?"

"लाँग बॅक. इन दुबई."

"मग तू इतका वेळ कशाच्या —"

"मंदार," बाबा मधेच म्हणाले, "ते सगळं नंतर. मला आधी बाथरूम बघ."

गेटसमोर साठीचा एक माणूस नळीने बोराच्या झाडाला पाणी घालत होता. कमरेला लुंगी, वर पांढरा शर्ट. मी हिंदीत अजमानचा रस्ता विचारला आणि कानकोंडा होऊन दुसरी अडचणही सांगितली. त्याने नळी तिथेच टाकली आणि स्वतः येऊन बाबांना हात धरून उतरवलं. "रास्ता बाद में, हबीबी. पहले अंदर आओ." मुग्धा जागी झाली, इकडेतिकडे बघून म्हणाली, "परागने घर बदललं का?"

बाबा मोकळे होऊन बाहेर आले तोवर बैठकीच्या खोलीत चहा आला होता. गालिच्यावर गाद्या आणि लोड, आम्ही ओळीने बसलो. यजमानांचं नाव उमर.

"हिंदुस्तान में किधर से, हाजी?" त्याने बाबांना विचारलं.

"पुणे. लेकिन बचपन में मैं एडन में था."

उमर ताठ बसला. "एडन? मैं एडन का! मेरा बाप उधर बंदर पे हमाल था!"

मग काय विचारता... क्रेटर भागातल्या गल्ल्या, उंटाच्या गाड्यांवरून येणारं पाणी, कुठल्या कोपऱ्यावर कुठलं दुकान. बाबांना हिंदी बेताचं येतं, पण त्या दिवशी ते घोड्यावर बसले होते. बोलता बोलता म्हणाले, माझे वडील गव्हर्नरच्या ऑफिसात होते.

"गव्हर्नर का ऑफिस?" उमर हसला. "मेरे बाप का जान उधर से ही वापस मिला. फाँसी हुआ था उसको. एक आदमी मर गया था झगडे में."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला होता.

"नाम क्या था उनका?" बाबांनी विचारलं.

"सालेम."

मी मनात म्हटलं, सालेम नावाचे त्या बंदरावर पन्नास जण असतील, मंदार, उगाच हुरळून जाऊ नकोस. पण उमर पुढे सांगतच होता.

"पुराना साहब बहुत सख्त था. किसी को माफी नहीं देता था. बाप का अर्जी उसी दिन टेबल पे जाता, तो जहाज चढने से पहले वो 'ना' लिखके जाता. वकील खुद बोला ऐसा. लेकिन ऑफिस में एक हिंदी मुन्शी था, वो एक दिन कागज पकड के रखा. क्यों रखा, अल्ला जाने! दूसरे दिन नया साहब बैठा. उसने पूरा फाइल पढा. चाकू पहले सामनेवाले ने निकाला था, गवाह बोला था, किसी ने सुना नहीं था. उसने फाँसी काट दिया, कैद लिख दिया. दस साल में बाप बाहर आया, शादी किया, फिर मैं आया." त्याने स्वतःच्या छातीवर थाप मारली. "बाप मरने तक उस मुन्शी को ढूँढता था. बोलता था, एक बार उसका माथा चूमना है. लेकिन वो तो जहाज से चला गया था... दामले मुन्शी."

मग बाबा म्हणाले, "मैं उनका लडका." त्याला ते खरंच वाटेना. मी खिशातून माझं एमिरेट्स आयडी काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने बोट ठेवून नाव वाचलं. दामले.

तो उठला, बाबांसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. एकदा नाही, तीनदा. बाबा ढसाढसा रडले. उमरही रडला. मी रडलो नाही असं लिहिणार होतो, पण मुग्धा हे वाचणार आहे. रेवा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "व्हाय इज एव्हरीबडी क्राइंग?"

मग बाबांनी कागद का अडवला ते सांगितलं. आम्ही लोक अमावस्येला चांगलं काम सुरू करत नाही, म्हणून. "चाँद नहीं था... इसलिए?" उमर म्हणाला आणि हसत सुटला. आत जाऊन त्याने बायकोला आणि सुनांना सांगितलं, तिथूनही हसण्याचा गलका ऐकू आला. बाबाही डोळे पुसत हसायला लागले. ज्या एका दिवसापायी अण्णा जन्मभर मनातल्या मनात झुरले, त्याच दिवसाने तो माणूस वाचला होता. आणि आम्ही वेडे तीन पिढ्या अमावस्येवर सूड उगवत बसलो होतो!

जेवल्याशिवाय तो सोडतो कुठला? बाबा शाकाहारी म्हटल्यावर त्याच्या बायकोने डाळ, भात, भेंडी असं घाईघाईने रांधलं. आमच्या पुरणपोळ्या त्यांनी मध लावून फस्त केल्या. पराग मुग्धाच्या फोनवर अकरा वेळा फोन करून दमला होता. त्याला सांगितलं, तू जेवून घे, कारण नंतर सांगतो.

चारच्या सुमारास निघालो. गल्लीच्या टोकापर्यंत उमर हात हलवत होता. तो दिसेनासा होईपर्यंत बाबा मागे वळून बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "सगळं छान झालं रे. पण ज्याला कळायला हवं होतं त्याला कुठे कळलं? मला कळून काय उपयोग?"

विषय बदलावा म्हणून मी रेवाला विचारलं, "काय गं, फोन बंद होता तर तू रस्ता सांगत कशी होतीस?"

"द अंकल वॉज टेलिंग मी."

"कोण अंकल?"

"द ओल्ड वन. इन द मिडल. आबाज फ्रेंड."

मी गाडी बाजूला घेऊन उभी केली.

"ही वॉज स्पीकिंग हार्ड मराठी," रेवा आरामात सांगत होती, "लाइक आबा ऑन द फोन. आय डिडंट गेट इट, सो ही पॉइंटेड." तिने हात उजवीकडे, डावीकडे करून दाखवला. "अँड ही वॉजंट वेअरिंग हिज बेल्ट. देन यू पुट इट ऑन हिम, पापा, अँड ही लाफ्ड सो मच!"

मुग्धाने माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "दिसायला कसा होता गं, बाळा?"

"थिन. ब्लॅक कोट. अँड अ हँकी इन हिज कॉलर, लाइक अ बेबी."

आमच्याकडे अण्णांचा एकच फोटो आहे, म्हातारपणचा, साध्या सदऱ्यातला. मी स्वतः त्यांना कधी कोटात पाहिलं नाही. बाबा पुटपुटले, "एडनच्या उकाड्यात कॉलर खराब व्हायची, म्हणून रुमाल खोवायचे... मी विसरूनच गेलो होतो रे." मग त्यांनी मधल्या सीटवर हळूच हात ठेवला. "आता आहे का तो इथे?"

"नो, आबा. ही गॉट डाउन विथ यू. ही सॅट बिसाइड यू, व्हेन दॅट उमर अंकल टोल्ड द स्टोरी. ही वॉज क्राइंग अँड लाफिंग. बोथ. देन ही जस्ट... वेंट."

एवढंच. पुढच्या आठवड्यात मी गाडी सर्व्हिसला दिली. मधल्या सीटचा सेन्सर एकदम ठीक आहे म्हणाले. माझं समाधान झालं नाही म्हणून मी घरी स्वतः मीटर लावून तपासला. ठीकच आहे, आणि त्यानंतर तो रिकाम्या सीटवर कधीच वाजला नाही. फोनची हिस्ट्री काढली, दुबईनंतर त्यात काही नाही. रेवाला रस्ता आठवतोय का म्हणून पुन्हा एकदा त्याच वाटेने नेलं, तर पोरगी पहिल्याच एक्झिटला चुकली. नऊ वर्षांच्या मुलीने वाटेल तिथे वळायला लावलं आणि नेमकं तेच घर निघालं, असं म्हणावं तर तो रुमाल कुठून आला? तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी चेष्टा करत नाही, मला खरंच हवंय.

बाबांना नकोय. मी कार्यकारणभाव, योगायोग असं काही बोलायला लागलो की ते वर्तमानपत्र उघडतात. त्या शनिवारी घरी पोचल्या पोचल्या, बूटसुद्धा न काढता, त्यांनी सांगलीला आत्याला फोन लावला. आत्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे ते इतक्या जोरात बोलत होते की शेजारच्या व्हिलापर्यंत आवाज गेला असेल.

"अगं कुसुम, ऐक. तो माणूस वाचला होता. आपल्या अण्णांची शिक्षा माफ झाली... हो, हो, त्यांना कळलंय. मी शेजारीच बसलो होतो."